किनाऱ्यावरची सुट्टी आणि गावाची घरपट्टी

दिवाळीत व्यापारी कुटुंबात दोन वह्या नव्याने उघडतात. एक दुकानाची, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर कुंकवाचे स्वस्तिक रेखलेली. दुसरी घरातील, सुट्टीच्या सहलीचा खर्च मांडणारी. तिसरी वही सहसा कोणी उघडून पाहत नाही. ती गावाची असते. नगरपंचायतीत जमा किती झाले, खर्च कशावर पडला आणि बाकी कोणाकडे राहिली, हे त्या वहीत लिहिलेले असते.

या वर्षी त्या तिसऱ्या वहीची आठवण व्हावी असे सबळ कारण घडले. दीर्घकाळ रखडलेल्या निवडणुकांचा कार्यक्रम अखेर लागला आणि राज्यातील २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायती निवडणुकीस सामोऱ्या गेल्या. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले व २१ डिसेंबरला मतमोजणी झाली. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी नगरपंचायत या यादीत होती, तशीच सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदही होती. एक गाव कापूस, तूर आणि सोयाबीनच्या बाजाराचे, दुसरे काजू, कोकम आणि समुद्राचे. दोहोंमध्ये अवघ्या महाराष्ट्राची रुंदी पसरलेली आहे. तरीही सुट्टीत वेंगुर्ल्याला जाऊन आलेल्या वऱ्हाडातील कुटुंबाने या दोन गावांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर बरेच काही उमगण्यासारखे आहे.

दीडशे वर्षांची नगरपालिका

वऱ्हाडातून कोकणात जाणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. नागपूर-मडगाव गाडी अकोल्यावर मिळते आणि कुडाळला उतरविते. तेथून वेंगुर्ले रस्त्याने गाठावे लागते, कारण गावाला रेल्वे नाही. जुने बंदर, दीपगृह, माडांच्या रांगा, लाल चिऱ्याची कौलारू घरे आणि सागरेश्वरचा मोकळा किनारा पाहून विदर्भाच्या कोरड्या हवेत वाढलेली मुले हरखून जातात. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली होती. तिचे अवशेष आजही उभे आहेत. व्यापारी कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी मुलांना ते मुद्दाम दाखवावेत. वखार म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा त्या भिंतींपाशी अधिक चांगले समजते.

वेंगुर्ल्याची नगरपालिका १८७६ साली स्थापन झाली. २०२६ मध्ये तिला दीडशे वर्षे पूर्ण होत आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची वस्ती सुमारे १२ हजार, म्हणजे बार्शीटाकळीहून अधिक नाही. मोठा कारखाना नाही, मोठी बाजारपेठ नाही. तरीही गेल्या दहा वर्षांत देशभरातील नगरपालिकांचे अधिकारी या गावाची कचऱ्याची व्यवस्था पाहावयास येत राहिले. २०१५ च्या सुमारास मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कार्यकाळात येथे घरोघरी कचरा वेगळा करून घेण्यास प्रारंभ झाला. ओला, सुका, प्लास्टिक आणि काच-धातू अशी विभागणी घरातच करावयाची, हा नियम केला गेला आणि तो पाळला जाऊ लागला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरात मिसळून रस्ते, असे उपयोग सुरू झाले. जेथे नाक धरून जावे लागे, ती कचऱ्याची जागा लोक कुटुंबासह पाहावयास जाऊ लागले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनेही वेंगुर्ल्याची गणना कचरा व्यवस्थापनातील अनुकरणीय शहरांत केली.

या साऱ्यात यंत्रांचा वाटा थोडा आणि शिस्तीचा मोठा आहे. कचरा एकदा एकत्र झाला की तो निवडण्याचा खर्च भरमसाट होतो; घरातच वेगळा ठेवला की तोच माल ठरतो. धान्याच्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. माती-खडा मिसळलेल्या तुरीला काय भाव येतो आणि स्वच्छ निवडलेल्या तुरीला काय, हे तो जाणतोच.

पाहुण्यांचा खर्च कोणाच्या खाती?

सहा माणसांचे एक कुटुंब चार दिवस किनारी राहिले आणि प्रत्येकाने दिवसाला पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, तर ४८ रिकाम्या बाटल्या मागे राहतात. घरून नेलेल्या खाकरा, शेव, मुखवासाची पाकिटे वेगळीच. कुटुंब परत येते. कचरा तेथेच राहतो. तो उचलणारा सफाई कामगार, त्याची गाडी, गाडीचे इंधन आणि रात्रीचे रस्त्यावरील दिवे या सर्वांचा खर्च स्थानिक संस्थेच्या खाती पडतो. ती रक्कम मुख्यतः शासनाचे अनुदान आणि स्थानिक रहिवाशांची घरपट्टी व पाणीपट्टी यांतून येते. हॉटेलच्या बिलातील जीएसटी केंद्र व राज्य शासनाकडे जातो, वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेकडे थेट येत नाही. म्हणजे पाहुणा कितीही खर्च करो, गावाच्या झाडू-दिव्याचा भार प्रामुख्याने यजमानच उचलतो.

माथेरान आणि महाबळेश्वर येथे प्रवेश करताना पर्यटकांकडून प्रवासी कर घेतला जातो. अनेक कुटुंबांना तो नकोसा वाटतो आणि नाक्यावर हुज्जत होते. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हा कर रास्त आहे. जो सेवा वापरतो त्याने तिच्या खर्चात वाटा द्यावा, हे तत्त्व व्यापाऱ्याच्या पेढीत रोज पाळले जाते. जेथे असा कर नाही, तेथे निदान आपला कचरा वेगळा करून योग्य जागी देणे, स्वतःची पाण्याची बाटली भरून घेणे आणि सूर्यास्तापूर्वी ताटात घेतलेले अन्न संपविणे, एवढे तर पाहुण्याच्या हाती आहेच.

भरतीची वेळ

किनाऱ्यावरील स्थानिक संस्थेचे आणखी एक काम आहे आणि ते जिवाशी संबंधित आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ऑक्टोबर २०२५ च्या आरंभी वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा-वेळागर किनाऱ्यावर सहलीला आलेल्या एका कुटुंबावर असाच घाला पडला. सूचनाफलक, जीवरक्षक आणि धोक्याच्या जागेवरील लाल निशाण यांची व्यवस्था बहुधा नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत यांनाच पाहावी लागते. त्यांचे उत्पन्न तुटपुंजे असते आणि किनारा मैलभर लांब.

विदर्भातील माणूस नदी जाणतो, समुद्र जाणत नाही. नदीचा पूर दिसतो, भरतीचा ओढ दिसत नाही. भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास भरतीचे पाणी अधिक चढते; कोकणी माणूस त्याला उधाण म्हणतो. येथे पंचांग उघडून पाहावे. लक्ष्मीपूजन अमावास्येला, कोजागरी आणि त्रिपुरारी पौर्णिमेला. वऱ्हाडातील कुटुंबे ज्या दिवसांत किनाऱ्यावर गर्दी करतात, त्यांतील बरेच दिवस नेमके उधाणाचे असतात. घरातून निघताना तिथी पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी पाण्यात पाऊल टाकतानाही ती पाहावी आणि गावकऱ्याने अथवा जीवरक्षकाने 'येथे उतरू नका' म्हटले तर तो शब्द शेवटचा मानावा.

बाजारगाव हेही पाहुण्यांचेच गाव

आता बार्शीटाकळीकडे वळावे. अकोल्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, अकोला-वाशीम रेल्वेमार्गावर वसलेले हे तालुक्याचे गाव फार जुने आहे. कालंका देवीच्या कोरीव दगडी मंदिराची कीर्ती सर्वश्रुत आहे आणि येथील शिलालेखाचा काळ शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६ चा आहे. साडेआठशे वर्षांपूर्वी जेथे असे बांधकाम उभे राहिले, तेथे तेव्हाही पेठ आणि संपन्नता असली पाहिजे. तालुक्यातील महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी आज अकोला शहर पिते.

या गावाला समुद्र नाही, पण पर्यटकांसारखी रोज येणारी माणसे आहेत. तालुक्यातील खेड्यांतून शेतकरी माल घेऊन येतो, स्त्रिया बाजाराला येतात, विद्यार्थी शाळा-महाविद्यालयात येतात, पक्षकार कचेरीत येतात. संध्याकाळी सारे परततात. रस्ता, नाली, दिवा, पाणी आणि स्वच्छतागृह त्यांनी दिवसभर वापरलेले असते; घरपट्टी ते आपापल्या ग्रामपंचायतीत भरतात. वेंगुर्ल्याला सुट्टीच्या महिन्यांत जो भार सोसावा लागतो, तो तालुक्याच्या बाजारगावाला बारा महिने सोसावा लागतो.

फरक एवढाच की बाजारगावातील पाहुणा हा व्यापाऱ्याचा ग्राहक असतो. खेड्यातून खरेदीस आलेली स्त्री चार-पाच तास बाजारात असते. तिच्यासाठी स्वच्छ, दार लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह नसेल, तर ती सकाळपासून पाणी पिणे टाळते, खरेदी अर्ध्यावर आटोपते आणि पुढच्या वेळी अकोल्याची बस धरते. नगरपंचायतीच्या एका न बांधलेल्या किंवा बंद पडलेल्या स्वच्छतागृहाची किंमत अशा रीतीने दुकानाच्या गल्ल्यातून वजा होत असते. ती कोणत्याही खातेवहीत दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

पावतीवरील रकाने

राज्य शासनाने २०१४ मध्ये तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यानंतरच्या वर्षांत अनेक गावांचा कारभार बदलला. नगरपंचायतीत १७ प्रभागांतून १७ सदस्य निवडले जातात आणि या वेळी नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. कारभाराचा पाया १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आणि १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती हा आहे.

जुन्या व्यापाऱ्यांना जकात नाके आठवत असतील. नगरपालिका क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. व्यापाऱ्याची कटकट गेली, हे खरे. पण त्याचबरोबर गावाचा स्वतःच्या हातातील मोठा उत्पन्नाचा मार्गही गेला. आज छोट्या नगरपंचायतीचे स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि बाजार शुल्क. उरलेले सारे अनुदान. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवलेली होती; त्या अनुदानाला लेखापरीक्षण झालेले हिशेब प्रसिद्ध करण्यासारख्या अटीही होत्या. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी सुरू होत आहे. स्वतःचा कर वसूल न करणाऱ्या संस्थेची बाजू अनुदान मागतानाही दुबळीच राहणार, हे उघड आहे. बँकसुद्धा स्वतःचे भांडवल न घालणाऱ्याला कर्ज देताना विचार करते.

दुकानाच्या कराची पावती एकदा सावकाश वाचावी. इमारतीच्या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करपात्र मूल्य काढले जाते. त्यावर नगरपंचायतीचा कर लागतो. त्याखेरीज राज्य शासनाचा शिक्षण कर असतो आणि निवासेतर इमारतीवर रोजगार हमी उपकरही असतो. हे दोन रकाने नगरपंचायत केवळ वसूल करते. ती रक्कम शासनाकडे जाते. 'एवढा कर भरतो, मग नाली का साफ नाही' असे विचारताना, भरलेल्या रकमेतील गावाचा वाटा किती, हे ठाऊक असावे.

कर थकविणे हा काहींना भांडवल वापरण्याचा सोपा मार्ग वाटतो. तो हिशेब चुकीचा आहे. नगरपरिषद अधिनियमानुसार थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. कोणत्याही बँकेचे व्यापारी कर्ज सर्वसाधारणपणे याहून स्वस्त पडते. १० हजार रुपयांची बाकी तीन वर्षे राहिली तर केवळ शास्ती ७,२०० रुपये होते. शास्तीमाफीची योजना येईल म्हणून थांबणारा मनुष्य वेळेवर भरणाऱ्या शेजाऱ्यावर अन्याय करतो आणि गावाची नालीही अडवून ठेवतो.

कर आकारणी चुकीची वाटत असेल तर मार्ग खुला आहे. चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीच्या वेळी यादी प्रसिद्ध होते आणि हरकती मागविल्या जातात. त्या मुदतीत इमारतीचे मोजमाप, वापराचा प्रकार व भाडेमूल्य तपासून लेखी हरकत द्यावी. मुदत गेल्यावर दुकानाच्या पायरीवर बसून केलेल्या तक्रारीला काही मोल नसते.

पाच कामे

नव्या सभागृहापुढे आता पहिला अर्थसंकल्प येईल. व्यापारी मंडळींनी निवडणुकीत कोणाला मत दिले, हा विषय संपला. पुढील काळात कुटुंबाच्या व पेढीच्या पातळीवर पाच गोष्टी सहज करता येतील.

पहिली, ३१ मार्चची वाट न पाहता घरपट्टी व गाळ्याचे भाडे भरून टाकावे. दुसरी, अर्थसंकल्पाची प्रत मागून घ्यावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्थसंकल्प आणि खर्चाची माहिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. ताळेबंद वाचता येणारी माणसे व्यापारी समाजात घरोघरी आहेत. चार पाने वाचून एक नेमका प्रश्न विचारणे त्यांना अवघड नाही. तिसरी, बाजारातील स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची मागणी व्यापारी संघटनेने लेखी करावी आणि त्याच्या दैनंदिन देखभालीचा काही भार स्वतः उचलण्याची तयारी दाखवावी. बांधकामास अनुदान मिळते. रोज धुण्यास माणूस मिळत नाही, ही खरी अडचण असते.

चौथी, दुकानात दोन डबे ठेवावेत, एक ओल्यासाठी व एक सुक्यासाठी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हे बंधनकारक केले होतेच. पाचवी गोष्ट प्लास्टिक पिशवीची. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार राज्यात ती बंद आहे. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार आणि पुढे २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. दंड बाजूला ठेवला तरी एक विसंगती मनाला टोचावी अशी आहे. गोशाळेला आणि पांजरपोळाला देणगी देणाऱ्या हातांनीच उष्टे अन्न प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून रस्त्यावर ठेवले जाते आणि मोकाट गाय ते पिशवीसकट गिळते. साधूंच्या पाच समितींमधील पाचवी, उत्सर्ग समिती, टाकावयाची वस्तूदेखील जीवाला इजा होणार नाही अशा जागी, पाहून टाकावी असे सांगते. ती मुनींची मर्यादा असली तरी गृहस्थाने तिच्यातील सावधपणा घ्यावयास काहीच हरकत नाही.

मोठेपणा वस्तीवर अवलंबून नसतो, हे वेंगुर्ल्याने बारा हजारांच्या गावात दाखवून दिले. तेथील रहिवाशाने रोज सकाळी आपला कचरा वेगळा करून दिला आणि त्यावर व्यवस्था उभी राहिली. अधिकारी बदलले की अशा व्यवस्थेची खरी परीक्षा सुरू होते. ती टिकली तर नागरिकांच्या सवयीमुळेच टिकते. बार्शीटाकळीची नगरपंचायत वयाने लहान आहे, तिच्या सवयी अजून घडावयाच्या आहेत. त्या कशा घडतील हे १७ सदस्यांइतकेच बाजारपेठेतील शे-दोनशे दुकानांच्या पायऱ्यांवर ठरणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबे पुन्हा किनाऱ्याकडे निघतील. त्यापूर्वी ३१ मार्च येतो. सहलीचे आरक्षण करण्याआधी घरपट्टीची पावती फाइलमध्ये लागलेली असावी, एवढा नेम या वर्षापुरता पुरेसा आहे.